गभरामण

पहिल्या डॉक्टरला मी जे सांगितलं ते अगदी खरं होतं, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

"मला गभरामण होते," एवढंच मी म्हणाले.

घोलवडच्या बाजारात, नर्सरीत, पाड्यावर, कुठेही हा शब्द उच्चारा, समोरचा माणूस आधी तुम्हाला सावलीत बसवेल आणि पाणी आणून देईल. शब्द मूळचा गुजराती, पण आमच्याकडे कुठला शब्द कोणाचा हे विचारत बसायला कोणाला सवड नाही. गभरामण म्हणजे छातीत कोंडतं, जीव आत-बाहेर होतो, उभं राहवत नाही. त्यात भीतीचा काही संबंध नाही. पण ते डॉक्टर नवीन होते, घाटावरचे, पुस्तकातलं मराठी बोलणारे. त्यांनी माझ्या शब्दाचा मनातल्या मनात त्यांच्या मराठीत अर्थ लावला आणि मान वर न करता विचारलं, "कशाला घाबरता?"

"कशाला म्हणजे?"

"म्हणजे घरात काही ताण आहे का? नवरा पितो? सासूचा त्रास?"

सासू जाऊन सहा वर्षं झाली होती आणि जीवन, म्हणजे माझा नवरा, चहासुद्धा बेतानं पितो. मी तसं सांगितलं. त्यांनी दंडाला पट्टा बांधून प्रेशर बघितलं, छातीवर नळी ठेवली, कार्डिओग्राम काढला. सगळं नॉर्मल. मग कागदावर इंग्रजीत एक शब्द लिहिला आणि दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. घरी आल्यावर वर्षानं तो शब्द वाचला. वर्षा माझी एकुलती एक मुलगी, तेव्हा बारावीला होती.

"अँग्झायटी," ती म्हणाली. "म्हणजे चिंता. मम्मी, तू फार विचार करतेस."

मी विचार करत नाही, ही माझ्या आईपासून मुकादमापर्यंत सगळ्यांची तक्रार होती. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं की मी फार विचार करते, आणि तेही लेखी.

माझं काम कलमांचं. घोलवडच्या एका नर्सरीत वीस वर्षं मी रायणीच्या, म्हणजे खिरणीच्या, रोपावर चिकूची काडी बसवते. रोपाचा शेंडा छाटायचा, मधोमध चीर द्यायची, काडी दोन्ही बाजूंनी तासून त्या चिरेत बसवायची आणि वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. बाकीच्या बाया रोपाची पिशवी जमिनीवर ठेवून काम करतात. मला जिनं शिकवलं ती म्हातारी पिशवी मांडीत घेऊन पोटाशी दाबून धरायची आणि तिच्यावर ओणवी व्हायची. तशी धरली की रोप तसूभर हलत नाही. मीही तशीच बसते. शंभरातल्या ऐंशी काड्या धरायच्या माझ्या, आणि या गोष्टीचा मला गर्व होता. हे लपवून काय करू?

ते व्हायचं ते असं. काम करता करता एकदम मानेमागून काहीतरी वर चढायचं. डोकं फुटेल असं ठणकायचं. छाती इतकी धडधडायची की ब्लाउज हलताना दिसायचा. अंगाला दरदरून घाम फुटायचा आणि हातपाय मात्र बर्फ. तोंड पांढरं पडायचं, हे मला बाया सांगायच्या. पंधरा-वीस मिनिटं हा खेळ चालायचा. मग जसं चढलं तसं उतरायचं, आणि रिक्षा करून दवाखान्यात पोचेपर्यंत मी ठणठणीत. प्रेशर एकशे वीस, ऐंशी. डॉक्टर माझ्याकडे बघायचे आणि मला उगीचच चोरी करताना सापडल्यासारखं वाटायचं.

चार डॉक्टर केले. डहाणू, बोर्डी, उंबरगाव, वापी. प्रत्येकाकडे जाताना मी फाइल नेत होते, कारण फाइल आणली नाही तर ते रागावतात. आणि प्रत्येक जण माझ्याकडे बघण्याआधी फाइलकडे बघायचा. पहिल्या पानावर तो शब्द होताच. दुसऱ्यानं पहिल्याचा वाचला, तिसऱ्यानं दोघांचे वाचले. वापीच्या डॉक्टरांनी तर मी तोंड उघडायच्या आत "बरं, टेन्शनचा त्रास आहे ना?" असं म्हटलं. चार डॉक्टरांचं एकमत झालं म्हणून घरच्यांनाही पटलं. खरं तर मत एकाचंच होतं, बाकीच्यांनी उतरवून घेतलं होतं. पण हे तेव्हा मला कळत नव्हतं.

गोळ्यांनी झोप यायची. एकानं थरथर थांबायची गोळी दिली, तिच्यानं तर असा झटका आला की नर्सरीतल्या बायांना वाटलं मी गेलेच. पुढच्या वेळी ते सांगितलं, तर डॉक्टर हसले. "गोळी घ्यायच्या आधीच घाबरला असाल."

जीवन वाईट माणूस नाही. उंबरगावला कंपनीत बारा तास उभा राहून येतो. पहिलं वर्षभर तो माझ्यासोबत यायचा, रिक्षात माझा हात धरून बसायचा. पण प्रत्येक वेळी तोच आकडा, तेच "काही नाही हो यांना". माणूस किती वेळा धावत जाईल? दुसऱ्या वर्षी तो म्हणायला लागला, "मन घट्ट कर." तिसऱ्या वर्षी तेही म्हणेना. मला झटका आला की मोबाइलवरून नजर उचलायचा, मी पाण्याचा तांब्या घेतलाय एवढं बघायचा आणि परत खाली बघायचा. वर्षा वापीला नर्सिंगला गेली, हॉस्टेलवर राहिली. तिला फोनवर सांगावं तर ती शिकवल्यासारखं बोलायची. "मम्मी, दीर्घ श्वास घे. चार आकडे मोजत आत, चार मोजत बाहेर. तू लक्ष दिलंस की ते वाढतं." मी मोजायचे. छाती माझ्या मोजण्याला विचारत नव्हती.

शेवटी मी सांगणंच सोडलं. घरी एकटी असताना आलं तर सरळ लादीवर गाल टेकून पडायचे, कारण लादी गार असते. दारातून कोंबडी आत यायची, माझ्या डोक्याजवळून चालत जायची, पुन्हा बाहेर जायची. पडल्या पडल्या मला वाटायचं, आत्ता मेले तर हे लोक म्हणतील, घाबरून मेली. मरणापेक्षा मला त्याचीच चीड यायची. आणि मी बोलायची थांबले, तसं घरात सगळ्यांना वाटलं की मला बरं वाटायला लागलंय.

भगताकडेही जाऊन आले, खोटं कशाला बोलू. चैत्या भगतानं तांदूळ टाकले, काहीबाही सांगितलं, त्याचा उपयोग काही झाला नाही. पण त्यानं माझा हात अर्धा तास हातात धरून ठेवला होता. तेवढा वेळ कोणत्याच डॉक्टरनं दिला नव्हता. येताना वाटेत मला रडू आलं.

मग नर्सरीत काड्या मरायला लागल्या. हात थरथरला की चीर वाकडी जाते आणि वाकड्या चिरेत काडी धरत नाही. मुकादम नविननं दोन महिने बघितलं आणि एक दिवस म्हणाला, "दक्षाबेन, तुम्ही थोडे दिवस पिशव्या भरा. कलमाचं टेन्शन नको." पिशव्या भरणं म्हणजे माती-खताचं काम, ते नव्या पोरी करतात. उभ्यानं करायचं असतं, टेबलाशी. वीस वर्षांची कारागीर मी, माती चाळायला उभी राहिले. आणि गंमत बघा, पिशव्या भरायला लागल्यापासून झटके कमी झाले. आठवड्याला चार यायचे, तिथे एखादा येऊ लागला.

सगळ्यांना आनंद झाला. "बघ, कामाचंच टेन्शन होतं," जीवन म्हणाला. वर्षाही फोनवर म्हणाली, "मी सांगत नव्हते?" उभ्यानं काम करणं आणि ओणवं होऊन करणं यात फरक असतो, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. मला वाटलं, हे सगळे म्हणतात तर असेलच. माझ्या मनात भीती आहे आणि ती मलाच दिसत नाही.

म्हणून मी भीती शोधायला निघाले. वापीच्या डॉक्टरांनी एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं होतं. फार प्रेमळ बाई. त्या विचारायच्या, "मनाच्या तळाशी काय आहे?" मी तळाशी जाऊन यायचे, तिथे काही नसायचं. जीवनची नोकरी पक्की होती, वर्षा हुशार होती, कौलं नवीन होती. रिकाम्या हातानं तरी किती वेळा जाणार? माझी नणंद वरोरला दिलेली आहे, तिच्या नवऱ्याची होडी आहे. वाढवणला बंदर होणार म्हणून तिच्या घरी सतत तीच बोलणी. समुद्र राहणार का, मासळी राहणार का, मुलांनी काय करायचं. तिची भीती खरी होती. एका गुरुवारी मी तीच उचलली आणि समुपदेशक बाईंना दिली. म्हटलं, मला बंदराची भीती वाटते.

बाई इतक्या खूश झाल्या! त्यांनी वहीत लिहून घेतलं. पुढचे तीन गुरुवार आम्ही बंदरावर बोललो. मी डोंगराकडची, मला पोहतासुद्धा येत नाही. बसमधून येताना मला माझीच लाज वाटली. माझ्या अंगात जे होत होतं ते माझं होतं, आणि त्यासाठी मला नणंदेची भीती उसनी आणावी लागली होती.

हे झालं मागच्या वर्षापर्यंतचं.

गेल्या कार्तिकात मी माहेरी गेले. माहेर तलासरीच्या पुढे, पार डोंगराला लागून. भाऊ सुदाम तिथे भात आणि नागली करतो. कापणीला माणसं मिळत नव्हती म्हणून त्यानं बोलावलं आणि मलाही घर नको झालं होतं. दोन साड्या पिशवीत टाकल्या आणि निघाले. एस.टी.त बसल्यावर लक्षात आलं की फाइल घरीच राहिली. तीन वर्षांत पहिल्यांदा मी फाइलशिवाय घराबाहेर पडले होते.

दुसऱ्याच दिवशी शेतात, कापता कापता, आलं. ओणवी होते, विळा हातातून गळून पडला आणि मी चिखलात बसले. वहिनी हिरी किंचाळली. सुदामनं मला उचलून मोटारसायकलवर मध्ये बसवलं, मागे हिरी, आणि आम्ही उपकेंद्रावर पोचलो. तोपर्यंत अर्थातच उतरलं होतं.

उपकेंद्रावर डॉक्टर नव्हते, एक सिस्टर होती. योगिता तिचं नाव, असेल पस्तिशीची, बोलण्यावरून आमच्याच बाजूची. तिनं मशीन लावलं. एकशे अठरा.

"नॉर्मल आहे," ती म्हणाली.

"माहीत हाय," मी म्हटलं. "आता टेन्शन आहे म्हण नि मोकळी हो."

माझ्या तोंडाला लगाम नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सुदामनं मला कोपरानं ढोसलं. पण सिस्टर रागावली नाही.

"काय झालं ते तर सांग, बाय."

"गभरामण."

या शब्दावर तिनं भुवईसुद्धा उचलली नाही. "कापताना? ओणवी होतीस?"

"हां."

"मला सांग, तू घाबरतेस, का जीव घाबरतो?"

एवढी वर्षं मराठी बोलते मी, पण हा फरक कोणी माझ्यापुढे असा मांडून ठेवला नव्हता. "मी नाय घाबरत. जीव घाबरतो."

"आधी मनात काय येतं, मग छाती उडते? का आधी छाती उडते?"

"आधी छाती. मनात तर काहीच नसतं गं. भात असतं मनात."

सुदामला हसू आलं. सिस्टरला आलं नाही. तिनं आणखी विचारलं. डोकं दुखतं का, घाम येतो का, घरी काय करताना होतं, नर्सरीत काय करताना व्हायचं. फाइल नव्हती, म्हणून तिला मलाच विचारावं लागत होतं. मी पिशव्या भरायचं सांगितलं, की तिथे कमी झालं. "आणि कलम करताना कशी बसायचीस?"

मी हातानं दाखवलं.

"तसं नको. खरंच बसून दाखव."

उपकेंद्राच्या ओट्यावर तेलाच्या डब्यात तुळस लावलेली होती. मी खाली बसले, डबा मांडीत घेतला, गुडघे वर घेऊन पोटाशी दाबला आणि ओणवी झाले, जशी वीस वर्षं होत आले तशी. योगितानं माझ्या डाव्या दंडाला पट्टा बांधून ठेवला आणि शेजारी बसकण मारली. "आता कर तुझं काम. मी हाय इथं."

तुळशीच्या काड्यांवर मी खोटं खोटं कलम करत राहिले. पाच मिनिटं गेली. बाहेर लस टोचायला आलेल्या दोन बाया पोरं कडेवर घेऊन दारातून बघत होत्या, वेडी आहे काय म्हणून. दहा मिनिटं झाली तरी काही होईना, तेव्हा मला वाटलं, आता हीसुद्धा उठेल आणि म्हणेल, जा घरी. मी मनातल्या मनात विनवत होते की ये. तीन वर्षं ज्याच्यापासून पळत होते त्याला मी हाका मारत होते.

आणि आलं. मानेमागून चढलं.

"आलं," मी म्हटलं.

तिनं बटण दाबलं. पट्टा आवळला, मशीन घुरघुरलं आणि त्याच्यावर आकडा आलाच नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. ती धावत आत गेली आणि जुनं, पाऱ्याचं मशीन घेऊन आली. कानात नळ्या घातल्या, पंप मारला, पारा चढत गेला. मी घामानं न्हाले होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती, तरी मान वाकडी करून त्या पाऱ्याकडे बघत होते. तिनं हवा सोडली. परत भरली. उजव्या हातावर घेतलं. तिचा चेहरा बदलला.

"दोनशे चाळीस," ती म्हणाली. "डबा खाली ठेव. ठेव म्हणते ना!"

सुदामनं माझ्या मांडीतला डबा काढून घेतला. त्यांनी मला बाकावर आडवं केलं. आणि मी हसत होते. डोकं फुटत होतं, दात वाजत होते, आणि मी हसत होते.

"हसतेस काय? मरशील अशानं!" योगिता ओरडली.

तिला काय सांगू? मला तीन वर्षांत इतका आनंद कधी झाला नव्हता. पारा खोटं बोलत नव्हता आणि मीही नाही.

उतरल्यावर तिनं पुन्हा मोजलं, एकशे वीसच्या घरात. दोन्ही आकडे तिनं एका कोऱ्या कागदावर लिहिले, शेजारी वेळ लिहिली, आणि खाली मराठीत, शब्द न शब्द, मी सांगितलं तसं लिहिलं. ओणवं होऊन पोटावर दाब आला की येतं. आधी छाती, मग डोकं, घाम. भीती नाही. त्या "भीती नाही"खाली तिनं रेघ मारली. तो कागद मला देताना म्हणाली, "आता जिथं जाशील तिथं हाच पहिला दाखवायचा. आधीची फाइल मागितली तर नंतर दे."

पुढचं भराभर झालं. वलसाडच्या मोठ्या दवाखान्यात चोवीस तासांची लघवी साठवून तपासली, मग पोटाचा स्कॅन केला. उजव्या मूत्रपिंडाच्या डोक्यावर एक गाठ होती, मोठ्या लिंबाएवढी. ती मधूनमधून रक्तात असं काही सोडायची की वाघ मागे लागल्यावर जे होतं ते सगळं अंगात व्हायचं, वाघ नसताना. डॉक्टरांनी सांगितलं, पोट दाबलं की ती पिळली जात होती. ही गाठ फार कमी लोकांना होते, ती आधी गोळ्यांनी शांत करायची आणि मग काढायची. काढली की बरं वाटेल. थरथर थांबायची ती गोळी मात्र परत कधी अशी एकटी घेऊ नका, तेव्हा थोडक्यात वाचलात.

ऑपरेशनला दोन आठवडे होते, पण मला दाखल करून घेतलं. आणि मग माणसं यायला लागली. नर्सरीतल्या बाया आल्या, नविन मुकादम शहाळी घेऊन आला, नणंद वरोरहून आली. सगळे म्हणत होते, "आम्हाला वाटलंच होतं, काहीतरी आहे." मी खाटेवर पडून ऐकत होते. कोणाला वाटलं होतं? कधी? मी लादीवर पडले होते तेव्हा कुठे होतं ते वाटणं? पण आजाऱ्यानं भांडायचं नसतं, म्हणून गप्प बसले. जीवन खाटेच्या पायाशी बसून राहायचा. एका दुपारी सगळे गेल्यावर तो म्हणाला, "मला माफ कर." मी त्याला माफ केलं असं नाही. पण त्याचा डबा उघडून त्याला अर्धी भाकरी खायला लावली, कारण दोन दिवस त्याच्या पोटात काही नव्हतं. एवढी माणसं भोवती असूनही त्या दिवसांत मला जितकं एकटं वाटलं तितकं आधी वाटलं नव्हतं. आधी निदान आशा होती की एकदा कळलं की सगळे माझ्या बाजूला येतील. आता कळलं होतं, सगळे आले होते, आणि ती तीन वर्षं मात्र माझ्या एकटीचीच राहिली होती.

वर्षा आली ती रविवारी. वापीहून वलसाड काही लांब नाही, पण तिच्या परीक्षा होत्या. येताना माझे रिपोर्ट तिनं वरांड्यातच उभ्यानं वाचले. आता ती तिसऱ्या वर्षाला आहे, तिला सगळं कळतं. वाचून झाल्यावर आत न येता ती तिथल्या बाकावर बसली. मी खाटेवरून उठून तिच्याजवळ गेले.

मला वाटलं, ती रडेल, सॉरी मम्मी म्हणेल. मी उत्तरही तयार ठेवलं होतं, थोडं तिखट, फार नाही. पण तिनं नुसते रिपोर्ट पाकिटात घातले. मग मीच विषय काढला. "डॉक्टर म्हणाले, ही गाठ कधी कधी घरातल्या दुसऱ्यालाही असते. रक्ताच्या नात्यातल्यांनी तपासून घ्यायला पाहिजे. तुझी पण तपासणी करायची."

"हो. वाचलं," ती म्हणाली.

तिनं "का" विचारलं नाही. दचकलीसुद्धा नाही. मी तिच्याकडे बघितलं. हॉस्टेलवर राहून बारीक झाली होती, हे मला आधीही दिसलं होतं. पण आता मी नीट बघितलं.

"वर्षा, तुला होतं काय?"

तिनं खालच्या लादीकडे बघितलं. "कधी कधी," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"दीड वर्ष झालं असेल. वॉर्डमध्ये पेशंट उचलताना होतं. वाकलं की."

दीड वर्ष. म्हणजे मला चार आकडे मोजत श्वास घ्यायला सांगत होती तेव्हा ती स्वतः हॉस्टेलच्या खाटेवर बसून मोजत होती. "अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"कोणाला सांगणार?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच मला लागलं. "तुला सगळे काय म्हणत होते ते मी बघत होते ना. मी पण म्हणत होते. मग माझ्यावर आलं तेव्हा... मला नको होतं कोणी माझ्याकडे तसं बघायला." मग घाईघाईनं म्हणाली, "पण माझं तुझ्यासारखं नसेल, मम्मी. माझं टेन्शनचंच आहे. परीक्षा आहेत, ड्यूट्या आहेत. मला माहीत आहे माझं."

तोच आवाज, तीच घाई. मी समुपदेशक बाईंना बंदर दिलं होतं, तेव्हा मी अशीच बोलले असणार. तिला कोणी सांगावंही लागलं नव्हतं. घरात बघून बघून तिनं स्वतःची फाइल स्वतःच लिहून टाकली होती. मला तिचा राग यायला हवा होता, तो आला नाही. मला राग माझा आला, की मी लादीवर मुकाट्यानं पडून राहिले आणि माझ्या लेकीला मुकाट्यानं पडायला शिकवलं.

मी तिचा हात धरून तिला उठवलं. "चल. वॉर्डातल्या सिस्टरकडे मशीन आहे. आत्ता बघू."

"आत्ता मला काही होत नाहीये," ती म्हणाली. "आत्ता नॉर्मलच येईल. तुला तर माहीत आहे."

मला माहीत होतं.

"मग होईपर्यंत बसू," मी म्हटलं.

मी आत जाऊन सिस्टरकडून मशीन मागून आणलं, ते दोघींच्या मध्ये बाकावर ठेवलं, आणि पट्टा तिच्या दंडाला बांधला. तिनं हात मागे घेतला नाही.